फीटल इको आणि त्यानंतरचा सल्ला: गोव्यातल्या सेवेचं परीक्षण

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फीटल इको करून घ्यावा’, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करावी, अशी ओळ आली की घरात पहिला प्रश्न उठतो कुठे करायचा, आणि दुसरा पैसे किती. या दोन्हींची उत्तरं दिवसभरात मिळतात. पणजी-मडगाव पट्ट्यात खासगीत ही तपासणी होते, खर्च काही हजारांत जातो, आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, प्रसूती, बालरोग आणि हृदयरोग हे विभाग एकाच आवारात आहेत. कठीण असतो तो तिसरा प्रश्न: इकोत दोष दिसला तर पुढे काय? हे परीक्षण मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नाचं आहे.

मत आधीच सांगतो. तपासणी म्हणून ही सेवा चांगली आहे, सल्ला म्हणून अजून अर्धवट. आईबाबांना आजाराचं नाव कळतं, चित्र मिळतं. तारखा, बाळंतपणाची जागा, जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांची योजना हे सगळं मात्र त्यांना चार दारं फिरून गोळा करावं लागतं. केरळने २०१७ पासून हृद्यम योजनेखाली जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांची ऑनलाइन नोंदणी सुरू केली आणि शस्त्रक्रियेची सोय त्या नोंदणीला जोडून दिली. गोव्याची वस्ती साधारण पंधरा लाख. एवढ्या लहान राज्यात तशी एकखिडकी सोय उभी करणं अवघड नाही, आणि ती व्हायलाच हवी. तोपर्यंत ही सेवा घेताना काय मागून घ्यायचं, ते पुढे दिलं आहे.

मशीनवरचा अर्धा-पाऊण तास

इकोची नेहमीची वेळ १८ ते २२ आठवडे. उपाशी राहायचं नाही, लघवी रोखून धरायची नाही. बरोबर न्यायचं ते म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि आधीच्या सगळ्या सोनोग्राफी, त्यातही ११ ते १४ आठवड्यांमधली. बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, म्हणजे एनटी, त्या कागदावर असते. ती ३.५ मिलिमीटरच्या वर असेल तर गुणसूत्रं नॉर्मल येऊनही हृदयदोषाची शक्यता वाढलेली राहते, आणि इको करणाऱ्याला हे आधी कळलं तर तो अधिक बारकाईने पाहतो. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे फॉर्म एफ हा ठरलेला अर्ज भरल्याशिवाय प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातातलं यंत्र, पोटाला लागत नाही. चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवलं तर त्यात केंद्राची चूक नाही. मोबाइलही बहुधा बाहेर ठेवायला सांगतात. नवरा बोटीवर किंवा आखातात असेल तर व्हिडिओ कॉल तपासणीच्या खोलीत होणार नाही. तो नंतरच्या बोलण्याच्या वेळी लावू द्याल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.

नीट केलेला इको ठरावीक क्रमाने जातो. आधी बाळ कसं झोपलंय, त्याची डावी बाजू कुठली, हे ठरवतात. मग पोटाचा आडवा छेद: जठर डावीकडे हवं. वर छातीत हृदय साधारण एक तृतीयांश जागा व्यापतं आणि त्याचं टोक डावीकडे सुमारे ४५ अंशांत वळलेलं असतं. मग चार कप्पे, मधला पडदा, झडपा, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा.

चार कप्पे छान दिसले म्हणून काम संपलं असं मात्र होत नाही. दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल, ज्याला सगळे टीजीए म्हणतात, त्यात चारही कप्पे अगदी व्यवस्थित दिसतात. दोष असतो वर निघणाऱ्या नळ्यांत. म्हणून प्रोब चार कप्प्यांवरून हळूहळू बाळाच्या डोक्याच्या दिशेने सरकतो. डाव्या खालच्या कप्प्यातून महाधमनी निघते, उजव्यातून फुप्फुसधमनी, आणि दोघी एकमेकींना ओलांडून जातात. त्या ओलांडत नसतील, शेजारी-शेजारी सरळ वर जात असतील, तर तिथेच टीजीएचा संशय येतो. आणखी थोडं वर गेलं की तीन नळ्या एका ओळीत दिसतात: फुप्फुसधमनी सर्वांत मोठी, मग महाधमनी, मग वरची महाशीर सर्वांत बारीक. त्याच्याही वर श्वासनलिकेच्या डाव्या बाजूला दोन पट्टे इंग्रजी व्ही अक्षरासारखे जुळतात. रक्ताची दिशा रंगात दाखवणारा डॉप्लर लावला की दोन्ही पट्टे एकाच रंगाचे यायला हवेत. एक निळा आणि एक लाल आला, तर एका नळीत रक्त उलट्या दिशेने भरतंय आणि त्या बाजूची झडप बंद किंवा फार अरुंद आहे असा अर्थ निघतो. शेवटी ठोके मोजतात. मिनिटाला ११० ते १६० ठीक.

इथे काय बिघडतं? बाळाची पाठ वर असते आणि कण्याची सावली हृदयावर पडते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं चालून यायला सांगतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यात बाळ वळतं. आईच्या पोटाची चरबी जाड असेल, गर्भजल कमी असेल, जुळी असतील तर चित्र धूसर येतं. चांगलं केंद्र अशा वेळी आठवड्याभराने पुन्हा बोलावतं आणि काय दिसलं नाही ते रिपोर्टमध्ये लिहितं. दहा मिनिटांत आटोपलेला, ‘सर्व नॉर्मल’ एवढीच ओळ असलेला इको आम्ही इको धरत नाही.

मर्यादाही ठाऊक असू द्यात. गर्भात सगळ्याच बाळांच्या वरच्या पडद्यात वाट उघडी असते आणि महाधमनी आणि फुप्फुसधमनी जोडणारी डक्टस नावाची नळीही उघडी असते, त्यामुळे जन्मानंतर वरच्या पडद्यात राहणारं भोक (एएसडी) आणि उघडा राहणारा डक्टस (पीडीए) आधी ओळखता येत नाहीत. खालच्या पडद्यातली लहान भोकं सुटतात. झडपांचं सौम्य अरुंदपण पुढे वाढतं, ते विसाव्या आठवड्यात दिसेलच असं नाही. महाधमनीच्या कमानीचं आकुंचन दोन्ही बाजूंनी फसवतं: असलेलं सुटतं आणि नसलेलं दिसल्यासारखं वाटतं.

इको कोणी करावा याची यादी मोठी आहे: गरोदरपणाआधीपासून मधुमेह असलेली आई, आधीच्या बाळाला किंवा आईबाबांपैकी कुणाला हृदयदोष, फिट्सच्या काही गोळ्या, एकच वार असलेली जुळी, पहिल्या तीन महिन्यांत रुबेला. ल्युपस किंवा शोग्रेन (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार) असलेल्या, रो-अँटीबॉडी पॉझिटिव्ह आईच्या बाळाचे ठोके १६ ते २६ आठवड्यांत पुन्हापुन्हा पाहावे लागतात, कारण त्या काळात बाळाला हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्यांचा संदेश अडून ठोके फार मंदावणं, होऊ शकतो. पण हृदयदोष असलेली बहुतेक बाळं यापैकी काहीच नसलेल्या आयांच्या पोटी येतात. म्हणून सर्वांत महत्त्वाचं कारण एकच: नेहमीच्या सोनोग्राफीत शंका येणं.

कागद

रिपोर्ट हातात घेतल्यावर आधी वय पाहा. ते आठवडे आणि दिवस असं लिहिलेलं हवं, आणि शेवटच्या पाळीवरून धरलंय की पहिल्या सोनोग्राफीवरून, तेही. पुढची सगळी कायदेशीर मोजणी या आकड्यावर चालते. दोन कागदांवर दोन वेगळी वयं असतील तर तिथल्या तिथे एक ठरवून घ्या.

मग दोषाचं पूर्ण नाव, झडपा आणि धमन्यांची मापं त्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून, ठोक्यांची लय, न दिसलेले भाग, आणि पुढच्या इकोची तारीख. छापील फोटोंवर दुसरं मत मिळत नाही. हृदय हलताना पाहावं लागतं, त्यामुळे क्लिप पेनड्राइव्हवर मागा. बेंगळुरू-मुंबईचे बालहृदयतज्ज्ञ त्या पाहून आधी मत देऊ शकतात, आणि पोट घेऊन एक लांबचा प्रवास वाचतो. क्लिप द्यायला खळखळ करणाऱ्या केंद्राला आमच्या लेखी तिथेच उणे गुण.

आठवड्यांचा हिशोब

या सेवेत सर्वांत जास्त नुकसान होतं ते उशिरामुळे. मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ही मुभा नियमांत दिलेल्या गटांनाच आहे. गर्भात गंभीर व्यंग असणं हा त्यातला एक गट. २४ च्या पुढे फक्त मोठ्या व्यंगासाठी, राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या मताने. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचे तज्ज्ञ असतात. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि होकार असेल तर अर्जापासून पाच दिवसांच्या आत प्रक्रिया व्हायची, असं नियम सांगतात.

२००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हृदयाचाच दोष असलेल्या गर्भाचं प्रकरण आलं होतं. गोवाही याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती, गर्भ त्यापुढे गेला होता, आणि डॉ. निखिल दातार यांनी त्या जोडप्याबरोबर केलेली याचिका फेटाळली गेली. आज त्याच जोडप्याला मंडळाचा दरवाजा उघडा असता. पण कायद्यात आजारांची यादी नाही. कोणता हृदयदोष ‘मोठं व्यंग’ हे मंडळ प्रकरण पाहून ठरवतं, आणि ज्या दोषावर शस्त्रक्रिया होऊन मूल चांगलं जगतं त्याला होकार मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

आता कॅलेंडर मांडून पाहा. सोनोग्राफी २२ व्या आठवड्यात झाली. इकोची वेळ मिळेपर्यंत २३. गर्भजल काढून गुणसूत्रांची तपासणी पाठवली, तर मायक्रोअॅरे या बारीक तपासणीचा रिपोर्ट यायला दोन ते तीन आठवडे, म्हणजे २५ किंवा २६. विचार करायला एकही दिवस मिळाला नाही आणि प्रकरण मंडळाकडे गेलं. हीच सोनोग्राफी १८ व्या आठवड्याच्या शेवटी झाली असती, तर इको १९ मध्ये, गर्भजल त्याच आठवड्यात, रिपोर्ट २२ पर्यंत, आणि पुढे निदान आठवडाभर शांतपणे बसून बोलता आलं असतं. ‘बावीसला केलं की सगळं स्पष्ट दिसतं’ हा सल्ला अजूनही दिला जातो. चित्र थोडं स्पष्ट येतं हे खरं, पण त्याची किंमत फार मोठी पडते.

गर्भजल तपासणीबद्दल दोन गोष्टी. झटपट पद्धतीने डाउन सिंड्रोमसारख्या मोठ्या दोषांचं उत्तर दोन-तीन दिवसांत येतं, तेवढं तरी आधी मागून घ्या. आणि हृदयात दोष दिसल्यावर आईच्या रक्तावरून बाळाची गुणसूत्रं पाहणारी एनआयपीटी तपासणी पुरेशी धरू नका. ती चाळणी आहे, आणि गुणसूत्रांचे बारीक तुटके तुकडे तिच्यातून निसटू शकतात.

सल्ल्याची खुर्ची

इथे आम्ही सर्वांत जास्त गुण देतो आणि सर्वांत जास्त कापतो. चांगला सल्ला म्हणजे बालहृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्र बसलेले, कागदावर हृदयाचं चित्र काढलेलं, आणि न विचारता सांगितलेली एक गोष्ट: यात आईची काही चूक नाही. हृदयाची घडण गर्भधारणेनंतर पहिल्या आठ आठवड्यांतच बहुतेक पुरी होते. ग्रहणात बाहेर गेल्याने, पपई खाल्ल्याने, घागर उचलल्याने त्यात भोक पडत नाही. हे वाक्य सासूबाईंसमोर बोललं गेलं पाहिजे, म्हणून त्यांनाही आत बोलवावं.

दुसरं, आजाराचं वजन सांगणं. ‘हार्टमध्ये प्रॉब्लेम आहे’ या तीन शब्दांत फार वेगवेगळे आजार कोंबले जातात.

खालच्या पडद्यातलं लहान भोक बऱ्याचदा आपोआप बुजतं. मोठं भोक साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात. टेट्रालॉजी ऑफ फॅलोमध्ये, म्हणजे खालच्या पडद्यात मोठं भोक आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद असताना, एकदाच पूर्ण दुरुस्ती, बहुधा सहा महिने ते वर्षाच्या आसपास, आणि बहुतेक मुलं शाळेत धावतात. मात्र त्यात २२-क्यू-११ या गुणसूत्रतुकड्याची तपासणी सांगितलीच पाहिजे, कारण तो तुकडा गायब असेल तर टाळू, कॅल्शियम, प्रतिकारशक्ती आणि शिकणं यांचाही प्रश्न येतो. मधला सगळा भाग उघडा असलेल्या एव्हीएसडीमध्ये जवळपास निम्म्या बाळांना डाउन सिंड्रोम असतो. तिथे हृदयाची दुरुस्ती शक्य आहे, पण निर्णय एकट्या हृदयाचा राहत नाही.

टीजीएचं बाळ जन्मताना वजनदार, देखणं असतं आणि काही तासांत निळं पडतं. त्याला लगेच डक्टस उघडा ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या औषधाचं ड्रिप आणि गरजेप्रमाणे फुग्याने वरचा पडदा उघडणं, मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धमन्यांची अदलाबदल सरळ करणारी शस्त्रक्रिया. जगातल्या अनुभवी केंद्रांत शंभरातली ९५ हून अधिक बाळं यातून तरतात. म्हणजे हा आजार ऐकायला भयंकर, पण वेळेवर योग्य जागी जन्म झाला तर निकाल फार चांगला. याच्याच उलट टोकाला हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट. डावी बाजू वाढलेलीच नसते. जन्मल्यावर पहिल्याच दिवसांत नॉरवूड, चार ते सहा महिन्यांत ग्लेन, दोन ते चार वर्षांत फॉन्टन, अशा तीन पायऱ्या, आणि त्यानंतरही हृदय एकाच कप्प्यावर चालतं. देशात हे नियमित करणारी केंद्रं मोजकी आहेत. इथे गर्भपात, तीन पायऱ्यांची शस्त्रक्रिया आणि फक्त वेदनाशामक मायेची काळजी, हे तीनही मार्ग समान आदराने समोर ठेवले गेले पाहिजेत. यातला एकच मार्ग सांगून ‘तुम्ही ठरवा’ म्हणणं याला आम्ही सल्ला म्हणत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेच्या केंद्राला हे प्रश्न विचारा: हीच शस्त्रक्रिया गेल्या वर्षी तुमच्याकडे किती झाल्या, किती बाळं घरी गेली, दवाखान्यात किती दिवस, गुंतागुंत झाली तर खर्च कुठवर जातो, रात्री दोनला फोन केला तर कोण उचलतं. सरळ आकडे देणाऱ्या केंद्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

निर्णय कोणाचा? कायद्याने सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासरची सही लागत नाही, आणि तिची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. गोव्यात घरोघरी देवळात कौल-प्रसाद घेतात, चर्चमध्ये पाद्रींना विचारतात. त्यात काही वावगं नाही. एवढंच, की ते पहिल्या दोन-तीन दिवसांत करा, कारण आठवड्यांची मोजणी थांबत नाही.

गर्भ ठेवायचा ठरलं, पण शस्त्रक्रिया करायची नाही असंही काही घरं ठरवतात. अशा बाळासाठी योजना लिहून घ्या: ऊब, आईच्या छातीवर ठेवणं, झेपेल तसं दूध, वेदना आणि धाप यांसाठी औषध, घरी नेता येईल का, आणि बाप्तिस्मा किंवा नाव ठेवणं हवं असेल तर तेही. लेबर रूममधल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला हा कागद दिसला नाही, तर बाळाला नळ्या घातल्या जातात आणि घरच्यांना नको असलेलं सगळं घडतं. त्याची एक प्रत केसपेपरला, एक आईच्या पिशवीत.

बाळंतपण कुठे

आधी दोन गट. डक्टसवर अवलंबून असलेले दोष, म्हणजे टीजीए, बंद फुप्फुसझडप, महाधमनीचं तीव्र आकुंचन, डावी बाजू न वाढलेली, यांत डक्टस बंद होऊ लागला की बाळ कोसळतं, आणि तो बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत बंद होतो. अशा बाळाचा जन्म हृदयशस्त्रक्रियेच्या केंद्रात किंवा त्याच्या अगदी जवळ व्हावा. बाकीचे, म्हणजे भोकं, टेट्रालॉजीचे बरेचसे प्रकार, एव्हीएसडी, यांचं बाळंतपण गोव्यात चांगल्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, सोबतीने होऊ शकतं.

पोटातलं बाळ ही सर्वांत सुरक्षित अॅम्ब्युलन्स आहे, हे डॉक्टर उगाच म्हणत नाहीत. चोर्ला घाटातून बेळगाव साधारण तीन तास, पावसात दरड पडली तर त्याहून जास्त. बेंगळुरू रस्त्याने रात्रभर. एवढ्या वेळात प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप क्षणभरही तुटता कामा नये. ते औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, थेंबाथेंबाने पंपातून जातं, आणि त्याचा त्रास म्हणजे बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. म्हणून गाडीत व्हेंटिलेटर, इनक्युबेटर, दोन पंप, दुसरी सुई आणि नवजात बाळ हाताळणारा डॉक्टर हवा. हे सगळं नसलेली गाडी फक्त ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन निघाली, तर वाटेतच घात होतो. तुमच्या बाळंतपणाच्या इस्पितळात प्रोस्टाग्लँडिन शिल्लक आहे का, हे आठव्या महिन्यातच विचारा आणि मुदतीची तारीखही पाहा.

बाहेर जायचं ठरलं तर ३४-३५ आठवड्यांत निघा. विमान कंपन्या साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरचा दाखला मागतात आणि ३६ नंतर सहसा चढू देत नाहीत. मोपा किंवा दाबोळीहून बेंगळुरू सव्वा तासाच्या आसपास. मुंबईकडे जायचं तर कोकण रेल्वे पनवेलला सोडते, आणि तिथून खारघरचं श्री सत्य साई संजीवनी केंद्र जवळ आहे. तिथे मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. तिथली प्रतीक्षा आणि तुमच्या बाळाचा दोष ते घेतात का, हे क्लिप पाठवून आधीच पक्कं करा. सिझर हृदयदोषासाठी म्हणून लागत नाही. बहुतेक बाळांना नैसर्गिक बाळंतपण चालतं, आणि पूर्ण दिवस भरू देणं फायद्याचं, कारण वजन आणि फुप्फुसं दोन्ही शस्त्रक्रियेला उपयोगी पडतात. मधल्या काळात साधारण चार आठवड्यांनी इको पुन्हा करावा. अरुंद झडप आणखी अरुंद होते, योजना बदलते.

पैशाचं थोडक्यात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते पाहा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख अशी तिची रचना आहे. ठरलेली शस्त्रक्रिया आणि ठरलेलं इस्पितळ यादीत आहे का, बाळाचं नाव कधी जोडायचं, हे लेखी घ्या. गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठी सरकारी मेडिक्लेमची वेगळी वाट आहे. खासगी विमा असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय की नव्वद दिवसांनंतर, एवढी एक ओळ पॉलिसीत शोधा.

गर्भपात ठरला तर

या भागाचं कुणी नीट सांगत नाही, म्हणून सेवेचे गुण इथेही कापले. पाच महिन्यांनंतर ही प्रक्रिया औषधाने कळा आणून होते, इस्पितळात एक ते दोन दिवस लागतात. वेदनाशामक काय देणार, कोण सोबत राहू शकेल, बाळ पाहायचं का, अंत्यविधी कोण करणार, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. दूध येतं, आणि त्यासाठी गोळी असते, हे बाईला आधी सांगितलं गेलं पाहिजे. बाळाचं शवविच्छेदन नको वाटणं साहजिक आहे, पण इकोचं निदान पक्कं करायला आणि दुसरे दोष शोधायला त्याचा उपयोग होतो. तेही नको असेल तर निदान नाळेचा किंवा त्वचेचा नमुना गुणसूत्रांसाठी जपून ठेवायला सांगा.

एका बाळाला दोष असला तर पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता बहुतेक प्रकारांत दोन ते तीन टक्के, काही प्रकारांत आणि गुणसूत्रांचं कारण सापडल्यास अधिक. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी साखर ताब्यात, फॉलिक अॅसिड चालू, रुबेलाची लस घेऊन निदान महिना झालेला, आणि फीटल इकोची वेळ १८ व्या आठवड्याची आधीच घेतलेली असू द्या.